चेहऱ्याचा लकवा बरा झाला, पण डोळ्यापुढे काहीबाही दिसतंय? घरी काय तपासायचं, कुठे धावायचं

टाचण्या ओठांत धरल्या की डाव्या डोळ्यापुढे वरून एक काळी झालर उतरायची. टाचण्या काढून ठेवल्या की झालर वर जायची. ब्लाऊजची बाही लावताना मला हे पहिल्यांदा जाणवलं आणि हातातलं काम तसंच राहिलं. माझ्या मावशीच्या डोळ्याचा पडदा सुटला होता, तेव्हा तीही ‘पडदा आल्यासारखं वाटतंय’ एवढंच म्हणत होती. त्या रात्री मला झोप लागली नाही.

मी इंदूरला रामबागेत राहते. तीस वर्षं ब्लाऊज आणि शिवलेल्या नऊवाऱ्या शिवतेय. दोन वर्षांपूर्वी संक्रांतीच्या दोन दिवस आधी सकाळी चूळ भरताना पाणी ओठाच्या डाव्या कोपऱ्यातून गळालं. आरशात पाहिलं तर तोंड उजवीकडे ओढलेलं, डावा डोळा मिटत नव्हता, कपाळाला आठ्या घातल्या तर त्या फक्त उजव्या अर्ध्यात पडत होत्या. सासूबाई म्हणाल्या, हवा लागली. शेजारी म्हणाले, लकवा. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, बेल्स पाल्सी, म्हणजे चेहऱ्याच्या नसेचा लकवा. चार्ल्स बेल नावाच्या स्कॉटिश शरीरशास्त्रज्ञाने १८२१ मध्ये या नसेवर लिहिलं, त्यांच्यावरून हे नाव पडलं. स्टेरॉइडच्या गोळ्या पहिल्या ७२ तासांत सुरू झाल्या तर फायदा होतो. माझ्या दुसऱ्याच दिवशी सुरू झाल्या. एप्रिलपर्यंत तोंड सरळ झालं, आम्ही पेढे वाटले. आणि जूनमध्ये डोळ्याचे प्रकार सुरू झाले.

हे मी लिहितेय ते तुमच्या जूनसाठी. तोंड वाकडं झाल्यावर काय करायचं हे सगळे सांगतात. तोंड सरळ झाल्यावर डोळ्यापुढे जे दिसतं त्याबद्दल मला कुणी आधी सांगितलं नव्हतं, आणि मी जवळजवळ दोन महिने नको त्या भीतीत काढले.

(ज्यांना आत्ताच तोंड वाकडं झाल्याचं दिसतंय त्यांनी हे वाचत बसू नका. कपाळाला दोन्हीकडे नीट आठ्या पडतायत पण तोंड वाकडं आहे, हात किंवा पाय जड झालाय, बोलणं अडखळतंय, तर तो मेंदूचा झटका असू शकतो. लगेच मोठ्या हॉस्पिटलात जा. तसं नसलं तरी डॉक्टरांना त्याच दिवशी दाखवा.)

नस जुळते, पण प्रत्येक धागा आपल्या जागी जातोच असं नाही

चेहऱ्याची नस म्हणजे मेंदूतून निघणारी सातवी नस. डोळा मिटणं हे तिचं काम. डोळा उघडणं तिचं नाही, वरची पापणी उचलण्याचं काम तिसरी नस करते. म्हणूनच या लकव्यात डोळा उघडा राहतो, पापणी खाली पडत नाही. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल. या एकाच नसेतून हसण्याचे, ओठ आवळण्याचे, कपाळ हलवण्याचे हुकूम जातात, अश्रू आणि लाळ सुटण्याचे हुकूम जातात, जिभेच्या पुढच्या भागाची चव येते, आणि कानातल्या एका इवल्याशा स्नायूलाही हिचाच धागा जातो.

बहुतेकांची नस पूर्ण बरी होते. दहातले साधारण सात जण औषधाशिवायही पूर्ण सुधारतात. ज्यांच्या नसेला जास्त मार बसतो त्यांचे आतले धागे पुन्हा वाढतात, दिवसाला सुमारे १ मिलिमीटर. वाढताना काही धागे चुकीच्या स्नायूत शिरतात. ओठाकडे निघालेला धागा पापणीत गेला की ओठ आवळले तरी डोळा मिटतो. लाळेचा धागा अश्रूंच्या ग्रंथीत गेला की जेवताना डोळ्यातून पाणी येतं. वाढीला वेळ लागतो, म्हणून हे सगळं तीन-चार महिन्यांनी किंवा त्याहूनही उशिरा दिसू लागतं, तोपर्यंत घरच्यांनी आपल्याला ‘बरी झाली’ म्हणून सोडून दिलेलं असतं. डॉक्टर याला सिनकायनेसिस म्हणतात. फिजिओथेरपीवाल्या ताईंनी मला सोप्या शब्दांत सांगितलं, एका हुकमावर दोन स्नायू धावतात.

म्हणजे माझी काळी झालर म्हणजे माझीच वरची पापणी होती. ओठांत टाचण्या धरण्यासाठी ओठ आवळले की डावा डोळा अर्धा मिटायचा. मला डोळा मिटल्याचं कळायचं नाही, फक्त वरून अंधार आल्याचं कळायचं.

आधी चार गोष्टी करून बघा

कुठलाही वेगळा प्रकार दिसला की घाबरण्याआधी त्याच जागी थांबून पुढच्या गोष्टी करा. सगळ्या मिळून पाच मिनिटं लागतात.

पहिली, एक डोळा झाका. तळहाताची वाटी करा, डोळा दाबू नका. आधी उजवा झाका, मग डावा. फक्त लकव्याच्या बाजूच्या डोळ्याने बघतानाच तो प्रकार दिसत असेल तर कारण बहुधा त्या डोळ्याच्या पापणीत किंवा अश्रूंत आहे. दोन वस्तू दिसतायत, आणि कुठलाही एक डोळा झाकला की एकच दिसते, तर प्रश्न दोन डोळ्यांच्या जुळणीचा आहे. तो सातव्या नसेचा नाही. त्यासाठी डॉक्टरांकडे जा, त्याच दिवशी.

दुसरी, दहा वेळा सावकाश पापण्या मिटा. पुरत्या मिटा, पण आवळू नका. मग पुन्हा बघा. चित्र क्षणभर स्वच्छ झालं आणि थोड्या वेळाने पुन्हा गढूळ झालं, तर डोळ्यावरचा अश्रूंचा थर लवकर फाटतोय. निरोगी डोळ्यात एकदा पापणी मिटल्यावर हा थर दहा सेकंदांहून जास्त टिकतो. माझा डाव्या डोळ्याचा तीन-चार सेकंदांत फाटायचा, डोळ्याच्या डॉक्टरांनी पिवळा रंग घालून निळ्या उजेडात मोजला होता.

तिसरी, भुवई बोटाने हलकेच वर धरा. सावली किंवा झालर बोटाबरोबर वर गेली तर ती पापणीची आहे. बोटाने काही फरक पडला नाही, सावली जागच्या जागी राहिली, तर मात्र उशीर करू नका, त्याबद्दल पुढे लिहिलंय.

चौथी माझ्या कामातली. जाड कार्ड घ्या, मी हुकांचं रिकामं कार्ड घेते. त्याला मशीनच्या १६ नंबरच्या सुईने एक भोक पाडा. त्या सुईची जाडी १ मिलिमीटर असते, म्हणजे भोक बरोबर हवं तेवढं पडतं. एक डोळा झाकून, चष्मा असेल तर घालून, त्या भोकातून भिंतीवरच्या कॅलेंडरची तारीख वाचा. धूसर अक्षर भोकातून स्पष्ट दिसलं तर दोष बहुतेक उजेड नीट एका जागी न जुळण्याचा आहे, म्हणजे अश्रूंचा थर, बुबुळाचा पृष्ठभाग किंवा चष्म्याचा नंबर. भोकातूनही धूसरच राहिलं तर डोळ्याच्या आत बघावं लागेल. हे डॉक्टरांच्या तपासणीऐवजी नाही. पण डॉक्टरांना ‘भोकातून स्पष्ट दिसतं’ असं सांगितलं की त्यांचं काम सोपं होतं.

जाता जाता दाराच्या चौकटीकडेही एकेका डोळ्याने बघा. उभी रेघ सरळ दिसायला हवी. मध्येच वाकलेली किंवा तुटलेली दिसली तर पडद्याची तपासणी करून घ्या.

काय दिसतं आणि ते का दिसतं

झालरीबद्दल सांगितलंच. त्याच जातीचा दुसरा प्रकार म्हणजे डोळ्यापुढे उभ्या काळ्या केसासारख्या रेघा. पापणी खाली आली की तिचे केस नजरेच्या आड येतात, तेच ते. हसताना, मोठ्याने कुणाला हाक मारताना, चहावर फुंकर घालताना हे दिसतं का, तेवढं बघा. तोंड स्थिर ठेवल्यावर जात असेल तर ते पापणीचं काम.

याची खात्री करायचा सगळ्यात चांगला उपाय माझ्या मुलीने शोधला. तिने मोबाइल टेकवून ठेवला आणि माझ्या चेहऱ्याचं स्लो मोशन शूटिंग केलं. मला म्हणाली, आई, आधी शांत बैस, मग हस, मग ओठांचा चंबू कर, मग गालांत हवा भर, मग पोळीचा घास चाव. तीस सेकंदांच्या त्या शूटिंगमध्ये दिसलं की चंबू केला की डावा डोळा फटीएवढा होतो. दवाखान्यात आपण गप्प बसलेलो असतो, चेहरा स्थिर असतो, त्यामुळे डॉक्टरांना काही दिसत नाही आणि ते म्हणतात सगळं छान आहे. पहिल्या ठिकाणी मला तसंच सांगून परत पाठवलं होतं. शूटिंग दाखवल्यावर दुसऱ्या डॉक्टरांनी दोन मिनिटांत ओळखलं. तुम्ही हे नक्की करा.

दुहेरी कडा. संध्याकाळी काळ्या कापडावर काळी टीप घालताना मला एका टाक्याचे दोन टाके दिसायचे, एक ठळक आणि त्याच्या खाली एक फिकट. उजवा डोळा झाकला तरी दोनच. एकाच डोळ्याने दोन दिसत असेल तर कारण बहुधा त्या डोळ्याच्या पृष्ठभागात किंवा भिंगात असतं. माझ्यात ते कोरडेपणामुळे होतं. आपण मिनिटाला साधारण पंधरा-वीस वेळा पापण्या मिटतो, आणि बारीक काम करताना, मोबाइल बघताना ते निम्म्याहूनही कमी होतं. लकव्याच्या बाजूची पापणी आधीच पुरती मिटत नाही, त्यामुळे बुबुळाची खालची पट्टी वाळते. आता मी दर एका टिपेनंतर मशीन थांबवते, पापण्या सावकाश तीन वेळा मिटते, मग पुढची टीप. सुरुवातीला आठवण राहायची नाही म्हणून मशीनच्या चाकाला लाल धागा बांधला होता.

दिव्यांच्या रेघा. अनंत चतुर्दशीच्या रात्री इंदूरमध्ये गिरण्यांच्या झांक्या म्हणजे चित्ररथ निघतात, रात्रभर, लाखो दिव्यांनी लखलखलेल्या. त्या वर्षी मी जेलरोडला उभी होते आणि प्रत्येक दिव्यातून वर आणि खाली लांब तलवारीसारखी रेघ निघत होती. सगळे हसत होते, मीही हसत होते, आणि हसलं की रेघा वाढत होत्या. पापणीच्या कडेला अश्रूंची एक बारीक ओली पट्टी असते. डोळा किलकिला झाला की ती पट्टी नजरेच्या वाटेत येते आणि उजेड वर-खाली फाकवते. तुम्ही निरोगी डोळा मुद्दाम किलकिला करून दिव्याकडे बघा, तुम्हालाही दिसेल. मी चेहरा सैल सोडला, ओठ मिटून शांत उभी राहिले, आणि रेघा आखडल्या. दिव्याभोवती गोल कडं दिसत असेल तर आधी आठवा, डोळ्यात मलम घातलंय का. मलमाने कडी दिसतात. मलम नसताना कडं दिसतंय आणि डोळा दुखतोय, डोकं दुखतंय, मळमळतंय, तर डोळ्यातला दाब वाढलेला असू शकतो. तेव्हा रात्र आहे म्हणून थांबू नका.

थरथर. डोळ्यापुढचं चित्र एका बाजूने बारीक थरथरल्यासारखं दिसतं, दोन-चार सेकंद, मग थांबतं. आरशात पाहिलं तर खालची पापणी फडफडत असते. आमच्याकडे बाईचा डावा डोळा फडफडला की शुभ मानतात, सासूबाईंना मनापासून आनंद व्हायचा आणि मी तो मोडला नाही. कारण मात्र जुळताना चळवळलेली नस. झोप कमी झाली, चहा जास्त झाला, लग्नसराईत रात्री जागल्या की वाढते. डोळा मिटताना कानात धप्प असा आवाज येत असेल तर तोही याच गोंधळातला असू शकतो, कानातल्या त्या छोट्या स्नायूचा धागा आणि पापणीचा धागा जोडीने चालतात.

पाण्यातून बघितल्यासारखं. हा प्रकार मला सगळ्यात जड गेला, कारण तो रोज सकाळी पोह्यांबरोबर यायचा. इंदुरी पोहे, वर शेव, जीरावन मसाला, आणि लिंबू पिळलं की पहिल्या घासाला डावा डोळा भरून यायचा. फरशी लाटांसारखी हलायची, पायरी जिथे आहे तिथे दिसायची नाही. लोकांना वाटायचं मी रडतेय. लाळेचे धागे अश्रूंच्या ग्रंथीकडे गेले की असं होतं. याला इंग्रजीत मगरीचे अश्रू म्हणतात. त्या नावाने मला वाईट वाटलं होतं, कारण मी खोटं काही करत नव्हते. उपाय साधे. बसून खा, घास लहान घ्या, आंबट शेवटी घ्या, मऊ सुती रुमाल जवळ ठेवा आणि पाणी नाकाकडच्या कोपऱ्यात टिपा, खालची पापणी खाली ओढून पुसू नका, ती आधीच सैल झालेली असते. खाऊन लगेच जिना उतरू नका. फारच त्रास असेल तर अश्रूंच्या ग्रंथीत बोट्युलिनम टॉक्सिनचं (बोटॉक्सचं) इंजेक्शन देता येतं, पण ते अनुभवी डॉक्टरांनीच.

बऱ्याच जणांना वाटतं, डोळ्यातून पाणी येतंय म्हणजे डोळा कोरडा कसा असेल? असू शकतो. डोळा वाळला की चुरचुरतो आणि चुरचुरला की भसकन पाणी येतं. ते वाहून जातं, थर टिकत नाही. शिवाय पापणी नीट मिटत नसेल तर पाणी नाकाकडे ओढलं जात नाही आणि गालावर उतरतं.

नवीन चष्म्याची घाई करू नका. मी केली. एका दुकानात मशीनवर नंबर बदललेला दिसला, त्यांनी लगेच चष्मा करून दिला, आणि दीड महिन्यात तो डोळ्याला लागेनासा झाला. पापणीचा दाब बदलला, अश्रूंचा थर वाळला की नंबर वरखाली होतो. स्टेरॉइडच्या दिवसांत साखर वाढली तरी होतो, मला मधुमेहाची सुरुवात होती हे त्यातच कळलं. आधी थेंबांनी डोळा ओला राहू द्या, साखर ताब्यात येऊ द्या, मग दोन वेगवेगळ्या दिवशी नंबर तपासा. दोन्ही वेळा सारखा आला तरच चष्मा करा.

या गोष्टी दिसल्या तर घरगुती काही करू नका

अचानक विजेसारखे लखलखाट, काळे ठिपके किंवा जाळी एकदम पुष्कळ दिसू लागणं, भुवई उचलूनही न हलणारा पडदा. हे डोळ्याच्या पडद्याचं असू शकतं, त्याच दिवशी डोळ्याच्या डॉक्टरांकडे जा.

डोळा लाल, उजेड सहन होत नाही, काहीतरी रुतल्यासारखं, बुबुळावर पांढरा ठिपका. ही बुबुळावरची जखम असू शकते, आणि न मिटणाऱ्या डोळ्यात ती फार वेगाने वाढते. इथे एक सांगायलाच हवं. काही जणांच्या बुबुळाची संवेदना कमी झालेली असते, विशेषतः नागिणीमुळे किंवा ऑपरेशनमुळे लकवा झाला असेल तर. त्यांना दुखतच नाही. म्हणून दुखत नाही यावर विसंबू नका, रोज सकाळी उजेडात आरशात बुबुळ बघा.

वरची पापणी सतत खाली पडलेली राहते, किंवा दोन डोळ्यांतल्या बाहुल्या लहान-मोठ्या दिसतात. आधी लिहिलंय ना, पापणी उचलणं तिसऱ्या नसेचं काम. हे दुसरं काहीतरी आहे.

नागमोडी चमकत्या रेघा, ज्या हळूहळू पसरतात, कुठलाही डोळा झाकला तरी दिसतात आणि वीस-तीस मिनिटांत जातात, त्या बहुधा अर्धशिशीच्या असतात. तरी आयुष्यात पहिल्यांदा दिसल्या तर डॉक्टरांना सांगा. आणि एका डोळ्याची नजर एकदम गेली, मग ती परत आली तरीही, हॉस्पिटल गाठा.

रोजची काळजी

डोळा ओला ठेवणारे थेंब हे इथलं मुख्य औषध, आणि ते घालायची पद्धत चुकते. हात धुवा, खालची पापणी हलकेच ओढून खोबण करा, एकच थेंब, बाटलीचं टोक पापणीला लागू द्यायचं नाही. डोळा मिटून नाकाच्या कोपऱ्याला बोट एक मिनिट ठेवा. दोन वेगळे थेंब असतील तर मध्ये पाच मिनिटं. मलम नेहमी शेवटी आणि शक्यतो झोपतानाच, कारण त्याने धूसर दिसतं. दिवसातून चार-सहा वेळांपेक्षा जास्त थेंब लागत असतील तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले मागा. लाली घालवणारे थेंब आणि कुणाच्या घरात उरलेले स्टेरॉइडचे थेंब नकोत. गुलाबपाणी, मध, तूप डोळ्यात घालू नका. मला तीन जणींनी प्रेमाने आणून दिलं होतं, मी घेतलं आणि कपाटात ठेवलं.

रात्री डोळा पुरता मिटतो का, हे घरच्या कुणाला तरी झोपेत बघायला सांगा. आपल्याला ते कळत नाही, कारण मिटायला जावं की बुबुळ वर सरकतं आणि फटीतून पांढरं दिसतं. यालाही बेल यांचंच नाव आहे. फट राहत असेल तर मलम घाला, बोटाने पापणी पुरती मिटा, आणि मगच कागदी चिकटपट्टी लावा. पापणी अर्धी उघडी असताना पट्टी लावली तर ती रात्रभर बुबुळावर घासते, त्यापेक्षा न लावलेली बरी.

कूलर आणि पंख्याची हवा तोंडावर नको. स्कूटीवर काचेचं हेल्मेट, आमच्या मुली दुपट्टा बांधतात तो पुरत नाही, डोळे उघडेच राहतात. फोडणी देताना मान मागे. आणि रंगपंचमी. इंदूरची गेर म्हणजे राजवाड्यापुढे गुलालाचे ढग, मशीनने उडवलेले. डोळा पुरता मिटत नाही तोवर तिथे जाऊ नका, मोठे बंद गॉगल घालूनही नाही. मी त्या वर्षी गच्चीवरून ढोल ऐकले.

रात्री गाडी चालवणं मी वर्षभर बंद ठेवलं. एका डोळ्याची नजर गढूळ असली की अंतर चुकतं. सुईत दोरा ओवतानाही चुकतं. त्यासाठी दोरा ओवायची तार घ्या, आणि सुईच्या मागे पांढरा कागद धरा.

चेहरा शिकवायचा, दमवायचा नाही

माझी मोठी चूक इथे झाली. कुणीतरी सांगितलं, फुगे फुगवा, च्युइंगम चावा, जोर लावून हसा. दुसरीकडे चेहऱ्याला करंट देत होते. मी दोन्ही मन लावून केलं. जोराने केलेल्या व्यायामाने चुकीची जोडी अजून पक्की होते, हे नंतर कळलं. सिनकायनेसिस दिसू लागल्यावर व्यायाम हळू आणि बारीक करायचा असतो.

ताईंनी शिकवलेलं असं. आरशापुढे बसा. आधी डाव्या गालावर कोमट ओला रुमाल, मग बोटांनी गाल आणि भुवईचा भाग सावकाश चोळून सैल करा. आता अगदी थोडं हसा, ओठाचा कोपरा जेमतेम हलेल एवढं, आणि नजर डाव्या डोळ्यावर ठेवा. डोळा बारीक व्हायला लागला की तिथेच थांबा, सैल सोडा, पुन्हा करा. डोळा उघडा राहून हसता येतं त्या हद्दीपर्यंतच जायचं, ती हद्द आठवड्या-आठवड्याने पुढे सरकते. तसंच चंबूचं, तसंच ‘ऊ’ आणि ‘प’ म्हणण्याचं. सकाळी दहा मिनिटं, संध्याकाळी दहा. महिनोन्महिने लागतात. मला आठ महिन्यांनी फरक दिसला.

त्यानेही डोळा मिटतच राहिला तर पापणीभोवती बोट्युलिनम टॉक्सिनची बारीक इंजेक्शनं देतात. परिणाम काही दिवसांत दिसतो आणि तीन-चार महिने टिकतो, मग पुन्हा घ्यावी लागतात. मी एकदा घेतली. झालर गेली, पण मात्रा जास्त झाली तर डोळा नीट मिटत नाही, म्हणून त्या काळात थेंब दुप्पट करावे लागले. देणाऱ्यांना आधीच विचारा, अशा चेहऱ्यांवर तुम्ही किती वेळा काम केलंय.

एक वही ठेवा. मी गिऱ्हाइकांच्या मापांच्या वहीतच मागची पानं घेतली. काय दिसलं, कुठल्या डोळ्याला, तोंड काय करत होतं, पापण्या मिटल्यावर गेलं का, किती वेळ टिकलं. पाच शब्द पुरतात. ‘डावा, चंबू, झालर, लगेच गेली.’ डॉक्टरांपुढे ती वही उघडली की आठवावं लागत नाही आणि त्यांनाही प्रश्न कमी विचारावे लागतात.

टाचण्या मी आता ओठांत धरत नाही. जुन्या ब्लाऊजपिसाची, आत लाकडाचा भुसा भरलेली छोटी उशी करून मनगटाला बांधली आहे, टाचण्या तिथे. धागाही दातांनी तोडत नाही, छोटी कात्री गळ्यात दोरीला असते. चहावर फुंकर घालताना झालर अजून थोडी उतरते, म्हणून मी चहा निवू देते.